डावा डोळा लवायचा थांबेपर्यंत

सगळ्यात आधी हे सांगते, की या आजारानं मी मरणार नव्हते. डॉक्टरांनी ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं. तरीही मी कवटी उघडून घेतली. "कशाला?" असं गावात ज्यानं त्यानं विचारलं.

ऑपरेशनला आता दीड वर्ष झालं. ज्यांचा अर्धा चेहरा माझ्यासारखा आपोआप उडतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. धीर द्यायला नाही. माझाच मला पुरला नव्हता. काय होतं आणि किती भीती वाटते, हे मला आधी कुणी सांगितलं नाही, म्हणून सांगते.

मी शालन. भूम तालुक्यातल्या ईटजवळच्या एका वस्तीवर अंगणवाडी सेविका आहे. मालक मेंढरं राखतात, थोडं कोरडवाहू शेत आहे. घरात सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, आणि मुलगी प्राजक्ता. ती तेव्हा बारावीला होती.

पापणी

सुरुवात डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीपासून झाली. नुसतं फडफडायचं. आत्या खूश झाल्या.

"बाईचा डावा डोळा लवला की चांगलं असतंय. माहेराहून कायतरी येतंय बघ."

माहेराहून काही आलं नाही. फडफड मात्र राहिली. वर्षभरानं ती गालात उतरली, मग ओठाच्या कोपऱ्यात. चौथ्या वर्षी असं व्हायला लागलं, की गाल वर ओढला जायचा, तोंड डावीकडं जायचं आणि डोळा गच्च मिटायचा. मनात दहा आकडे मोजेपर्यंत उघडायचा नाही. दुखत काहीच नव्हतं. पण आपलाच चेहरा आपलं ऐकत नाही, ही गोष्ट दुखण्यापेक्षा वाईट आहे. चार माणसांत गेलं, घाई झाली, कुणी रागावलं, की हटकून जास्त.

अंगणवाडीत आम्ही हातवारे करून गाणी म्हणतो. एका मुलाची आई एक दिवस दारात आली आणि संकोचत म्हणाली, "ताई, राग मानू नका. आमचा समर्थ गानं म्हनताना एक डोळा मिटतुय. पाव्हण्यांम्होरं सुदा. असलं नका शिकवू पोरांला."

मी दुसऱ्या दिवशी नीट बघितलं. गाणं सुरू झालं आणि बावीसपैकी सात-आठ पोरं डावा डोळा मिटून, गाल वर ओढून म्हणत होती. त्यांना वाटलं होतं, गाणं असंच असतं. मदतनीस लताबाई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. घरी आल्यावर मोरीत बसून रडले.

बाजारच्या दिवशी एका माणसानं माझ्याकडं बघून परत डोळा मारला. त्या दिवसापासून मी उन्हाळा असो की हिवाळा, स्कार्फ बांधूनच बाहेर पडायला लागले.

औषधं

भूमच्या डॉक्टरांनी डोळ्यात घालायचे थेंब दिले. बार्शीत एकांनी अशक्तपणा म्हणून इंजेक्शनं दिली, दुसऱ्यांनी गोळ्या. त्या गोळ्यांनी गुंगी यायची. एकदा मी पोषण आहाराचं रजिस्टर लिहितालिहिता त्याच्यावरच झोपले. कुणी म्हणालं लकवा आहे, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. एका जाणत्यानं पालीचं तेल सांगितलं. ते मी लावलं नाही, पण आत्यांनी एका दुपारी मी झोपले असताना काहीतरी लावलं होतं. वास दोन दिवस गेला नाही.

पत्ता लागला तो प्राजक्तामुळं. तिनं एका रविवारी मी दुपारची झोपलेली असताना मोबाइलवर व्हिडिओ काढला. मी खूप रागावले. झोपेतही गाल उडत होता. तो व्हिडिओ तिनं हट्टानं बार्शीच्या डॉक्टरांना दाखवला. ते पुढं वाकले.

"झोपेत आहे का या?"

"हो."

"झोपेतही थांबत नाही?" त्यांनी दोनदा बघितला आणि सोलापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. 'मेंदू' हा शब्द माझ्या बाबतीत मी तिथं पहिल्यांदा ऐकला.

सोलापुरात आधी चेहऱ्यात इंजेक्शनं दिली. तीन महिने बरं वाटलं, मग परत तेच. दुसऱ्या खेपेला गाल इतका सैल पडला की चहा ओठातून गळायचा. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, एमआरआय काढा आणि पुण्याला दाखवा.

चिठ्ठीवरचं चित्र

पुण्याचे डॉक्टर वयानं माझ्याहून लहान असावेत. सोबत मालक होते. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागं पेनानं दोन रेघा काढल्या.

"ही चेहऱ्याची नस. मेंदूतून निघते आणि चेहऱ्यात जाते. आणि ही रक्तवाहिनी. तुमच्यात ही बरोबर नसेच्या मुळाशी टेकली आहे. हृदयाचा ठोका पडला, की हिला धक्का बसतो."

मी छातीवर हात ठेवला. म्हणजे माझंच काळीज माझ्या चेहऱ्याला हाणत होतं, एवढी वर्षं.

"मग?" मी विचारलं.

"दोघींच्या मधे एक मऊ बोळा ठेवायचा. कापसासारखा. तो कायम आत राहतो."

"आत म्हणजे कुठं?"

त्यांनी स्वतःच्या कानामागं बोट टेकवलं. "इथून जावं लागतं."

मालक एवढा वेळ टोपी हातात धरून बसले होते. त्यांनी विचारलं, "न्हाय केलं तर?"

"जिवाला धोका नाही. असंच चालू राहील. हळूहळू वाढेल."

"आन् केलं तर?"

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. बहुतेकांचं थांबतं, काहींचं नाही थांबत. डाव्या कानाचं ऐकू येणं कमी होऊ शकतं, जाऊही शकतं. चेहरा काही काळ लुळा पडू शकतो. आणि क्वचित, ते म्हणाले आणि थांबले, "क्वचित रक्तस्राव होतो. मग काहीही. फार क्वचित. पण सांगावं लागतं."

त्या खोलीतलं मला दोनच शब्द घेऊन बाहेर पडता आले. कान आणि काहीही.

परतीच्या गाडीत मालक खिडकीबाहेर बघत बसले. बार्शीला गाडी बदलली तेव्हा त्यांनी पेरू घेतले, एक मला दिला. मी तो हातात धरून घरापर्यंत आणला.

नाही म्हणाले

मी नाही म्हणाले. एमआरआयच्या फिल्मचा मोठा लिफाफा कपाटामागं सरकवला. आत्यांना बरं वाटलं.

"मरत तर न्हाईस ना? मंग डोस्कं कशाला फोडून घ्यायचं? दिसतंय ते दिसू दे."

प्राजक्ताला मी केलेलं पटलं नाही, पण तिनंही जोर केला नाही. मालकांना विचारलं तर म्हणाले, "तुझं तू बघ." या तीन शब्दांचा मला इतका राग आला, की मी आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलले. नवरा कर म्हणाला असता तर भीती त्याच्यावर टाकता आली असती. नको म्हणाला असता तर सुटले असते.

सहा महिने गेले. मग तो दिवस.

खिचडीचं पातेलं लताबाई आणि मी दोघींनी मिळून चुलीवरून उतरवलं, आतल्या खोलीत न्यायला. उंबऱ्यापाशी माझा डोळा मिटला. गाल, मान, सगळं डावीकडं ओढलं गेलं. चौकट कुठं आहे ते दिसलं नाही. पातेलं चौकटीवर आपटलं आणि कडेची गरम खिचडी खाली सांडली. पलीकडं भिंतीला टेकून पोरं ताटल्या घेऊन बसली होती. सगळ्यात पुढं गौरी, साडेतीन वर्षांची. तिच्या पावलापासून वीतभर अंतरावर वाफ निघत होती. तिला वाटलं वाढली. तिनं हात पुढं केला.

लताबाईनं पातेलं तिथंच टेकवून तिला दंडाला धरून ओढलं. पोरगी भोकाड पसरून रडली, भाजलं म्हणून नाही, ओढलं म्हणून.

मी उंबऱ्यावर बसले. लताबाई म्हणाली, "ताई, कुनालाच काय झालं न्हाय. उठा."

"झालं असतं तर?"

ती फडकं घेऊन खाली बसली आणि खिचडी पुसायला लागली. घरी आल्यावर मी कपाटामागून लिफाफा काढला.

कान

तारीख मिळाली महिन्याभरानंतरची.

एकटी असले की मी उजव्या कानात बोट घालायचे आणि फक्त डाव्या कानानं ऐकायचे. आत्यांचं पुटपुटणं. बाहेर मेंढरांच्या गळ्यातली घंटी. प्राजक्ताचं पाठांतर. ऐकून ठेवावं म्हणून. मग उलटं करायचे, डाव्या कानात बोट घालायचे आणि असंच राहिलं तर कसं, ते बघायचे. अंगणवाडीतली पोरं कानाशी येऊन बोलतात. शू लागली, याने मारलं, आई कधी येणार, सगळं कुजबुजून. तीही बरोबर डावीकडूनच येत, निदान मला तसं वाटायला लागलं होतं.

'काहीही'चा विचार मी दिवसा करायचे नाही. तो आपोआप यायचा. पीठ मळताना, साडी पिळताना. मी प्राजक्ताला तिच्या जन्माचा दाखला कुठं आहे, बँकेचं पुस्तक कुठं आहे, ते दाखवायला लागले. तिसऱ्या वेळी ती ओरडली.

"आई, तू हे सारखं का दाखवतेस? तू यायची नाहीस का परत?"

मी म्हणाले, "येडी का तू?" आणि माझा डोळा गच्च मिटला. तो कधी खोटं बोलू द्यायचा नाही.

भरती

हॉस्पिटल मोठं होतं. तिथली सकाळ सहाला व्हायची. फरशी पुसण्याचा वास, मग रक्तदाब, मग गोळ्या, मग डॉक्टरांची फेरी, मग वाट बघणं. दिवसभर कुणीतरी कशासाठी तरी नेत होतं. एका बंद पेटीसारख्या खोलीत कानाची तपासणी केली. आवाज आला की बटण दाबायचं. मला आवाज नसतानाही आवाज येत होते. मी उगीचच बटण दाबत होते, तिथली मुलगी काचेतून बोट हलवून नको नको म्हणत होती.

शेजारच्या खाटेवर लोहाऱ्याकडच्या एक बाई होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. त्यांच्या मेंदूतली गाठ काढली होती. आजार माझ्याहून वेगळा, पण त्यांचं तोंड एका बाजूला पूर्ण उतरलं होतं आणि डोळ्यावर चिकटपट्टी होती. पहिल्या दिवशी मी त्यांच्याकडं पाठ करून झोपले. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. लाज वाटते हे सांगायला.

त्यांच्या ते लक्षात आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली.

"ए बाई, हिकडं बघ की. म्या काय भूत हाय व्हय?"

मी वळले.

"भ्या वाटतंय?"

"लई."

"वाटू दे. मला बी वाटलं. आता भात खाती, निम्मा बाहेर पडतुय, निम्मा आत जातुय. जातुय त्यो पुरतुय." आणि त्या अर्ध्या तोंडानं हसल्या. मग मला त्यांचं तोंड वाकडं दिसायचं हळूहळू कमी झालं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी एक मावशी केस काढायला आल्या. मला वाटलं डोकंच भादरणार. त्यांनी फक्त कानामागची तळहाताएवढी जागा साफ केली, आणि मग न सांगता उरलेल्या केसांना तेलाचा हात लावून अशी वेणी घातली, की ती जागा झाकली गेली. "पाहुणे येतात बघायला," त्या म्हणाल्या. मला बघायला कुणी येणार नव्हतं. तरी त्या वेणीनं मला जेवढं बरं वाटलं, तेवढं कुठल्या गोळीनं वाटलं नाही.

मेंढीचं डोकं

त्याच दुपारी मालकांनी संमतीच्या कागदावर सही केली. हळूहळू, एकेक अक्षर. सही झाल्यावरही कागद हातातच धरून बसले. मला राहवलं नाही.

"काय तरी बोला की आता. सात महिने झालं, तुमी बोलला न्हाईत."

त्यांनी कागदाची घडी घातली, परत उलगडली. मग म्हणाले, "आबा मेंढराचं डोस्कं उघडायचे."

आबा म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन आले त्याआधीच वारले. मेंढीच्या डोक्यात कधीकधी पाण्याचा फोड होतो, मग ती एकाच जागी गोल गोल फिरायला लागते, चरत नाही. आबा म्हणे अंगठ्यानं कवटीची मऊ जागा शोधायचे, पात्यानं उघडायचे, फोड बाहेर काढायचे आणि हळद भरून बांधून टाकायचे.

"म्या पाय धरायचो," मालक म्हणाले. "धा-बारा वर्साचा आसन."

मी खाटेवर उठून बसले. "मंग? वाचायची का मेंढरं?"

"एक वाचली."

"कितीतली?"

ते कागदाकडं बघत राहिले.

मला इतका संताप आला. "हे आत्ता सांगायचं हुतं? उद्या माझं डोकं उघडायचंय!"

"तूच म्हनलीस, बोला." मग त्यांचा आवाज चिरकला. "डॉक्टरनं कानामागं बोट लावलं ना, तवापासनं माझ्या डोळ्याम्होरून ती मेंढरं जात न्हाईत. नको म्हनायचं हजारदा तोंडाव आलं. पर तू आधीच भ्यालेली. म्हनलं, माझं भ्या तुझ्या डोस्क्यावर कशाला."

म्हणजे 'तुझं तू बघ' याचा अर्थ हा होता. सात महिने हा माणूस माझ्यापेक्षा जास्त घाबरून माझ्या शेजारी बसला होता आणि मी त्याला दगड समजत होते. मला रडू येत होतं आणि चेहरा असा उडत होता, की त्यांना मी हसते की रडते ते कळेना. पलीकडून अक्का म्हणाल्या, "आवो, मेंढराला गुंगी द्यायचे का तुमचे आबा?"

"न्हाय."

"मंग कशाला बाईला भेववता? हितं गुंगी देत्यात."

आत

सकाळी स्ट्रेचर ढकलत नेलं. मालक एका हातानं त्याची दांडी धरून चालत होते. मोठ्या दारापाशी त्यांना थांबवलं. ते म्हणाले, "हितंच हाय म्या." दार मिटताना मला त्यांची फक्त टोपी दिसली.

आत भयंकर थंडी होती. माझे दात वाजत होते. वर गोल गोल दिवे. कुणीतरी डाव्या कानात काहीतरी घातलं, त्यातून टिक टिक आवाज यायला लागला. ऑपरेशन चालू असताना कान जिवंत आहे की नाही ते बघण्यासाठी, असं त्यांनी सांगितलं. जिवंत हा शब्द ऐकून मी हात झटकला. त्यातली सलाइनची सुई निघाली. परत टोचावी लागली.

एका नर्सनं माझा दुसरा हात धरला. "ताई, कुठल्या तुम्ही?"

"ईट. भूम तालुका."

"अय्या, माझं माहेर परांडा." तिचा मास्क होता, डोळे तेवढे दिसत होते. "ज्वारी कशी आहे औंदा?"

मी तिला ज्वारीचं सांगायला लागले. कणीस भरलंय, पण पाखरं लई... एवढंच आठवतं.

शुद्धीवर आले तेव्हा पहिल्यांदा डोक्यात घणाचे घाव होते. मग उलट्या. कुणीतरी हाका मारत होतं. "शालनताई, डोळे मिटा. दात दाखवा. हात वर करा." मी सगळं केलं. डॉक्टरांनी डाव्या कानाशी बोटं चोळली.

"ऐकू येतंय?"

येत होतं. पण लांबून, विहिरीतून आल्यासारखं. मी होय म्हणाले. मला भीती वाटली, की नाही म्हणाले तर ते परत आत नेतील.

परत

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा शांत होता. मी आरसा मागितला. सुजलेला, पिवळा चेहरा, पण तो माझ्या मालकीचा होता. पाच वर्षांनी.

दुपारी पाणी पिताना डोळा फडफडला.

मी कुणालाही सांगितलं नाही. भिंतीकडं तोंड केलं. संध्याकाळपर्यंत गाल उडायला लागला. कवटी उघडून, महिनाभर मरत जगून, शेवटी हे. डॉक्टर फेरीला आले तेव्हा त्यांनीच बघितलं.

"हे होतं ताई. नस इतकी वर्षं मार खात होती. मार थांबला, हे तिला कळायला वेळ लागतो. काही आठवडे, कधी काही महिने."

माझा विश्वास बसला नाही. डॉक्टर धीर द्यायला बोलतात, असं वाटलं.

आठव्या दिवशी घरी आले. प्राजक्ता दारात धावत आली, माझा चेहरा बघून थांबली. गाल उडत होता.

"म्हणजे काहीच झालं नाही?"

"डॉक्टर म्हणाले, वेळ लागतो."

"मग एवढं सगळं कशासाठी केलंस तू?" ती आत गेली आणि दार आपटलं. ती वाईट मुलगी नाही. परीक्षा तोंडावर होती आणि आई मरणार का, हे डोक्यात घेऊन तिनं आठ दिवस काढले होते. पण ते दार आपटल्याचा आवाज माझ्या टाक्यांत घुसला.

पुढचे आठवडे मी भिंतीला धरून चालले. मान वळवली की घर फिरायचं. डावा कान बोळा घातल्यासारखा. आत्या रोज सकाळी माझ्यासमोर तूर निवडत बसायच्या. मला वाटायचं त्यांना डाळीची हौस आहे.

सातव्या आठवड्यात एका सकाळी त्या म्हणाल्या, "आज न्हाय."

"काय न्हाय?"

"तुझा गाल. उठल्यापासनं बघती. एकदा बी न्हाय."

"आत्या, बोलू नका," मी घाईनं म्हणाले. आम्ही दोघी जेवणवेळेपर्यंत तशाच बसलो. तूर केव्हाच निवडून झाली होती. आत्या निवडलेलीच परत निवडत होत्या.

त्यानंतर तो झटका दोनदा आला. एकदा प्राजक्ताच्या पेपरच्या दिवशी, एकदा पोळ्याला. मग आला नाही.

कान मात्र पूर्ण परतला नाही. तपासणीत दिसलं, डावीकडचं बरंच कमी झालंय. आता अंगणवाडीत मी कोपऱ्यात बसते, डावीकडं भिंत येईल अशी, म्हणजे पोरांना उजवीकडूनच यावं लागतं. मला हा सौदा चालला. दुसऱ्या कुणाला चालेल का, ते मला सांगता येणार नाही. आणि आजही पापणी नुसती थकव्यानं हलली, तरी मी हातातलं काम टाकून पाच मिनिटं भिंतीला टेकून उभी राहते. ही भीती ऑपरेशननं जात नाही.

ढोकीहून आलेले दोघं

मागच्या महिन्यात ढोकीचं एक जोडपं घरी आलं. तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर काम करतो. कुणाकडून तरी माझं ऐकलेलं. त्याचा उजवा गाल उडत होता आणि तो सारखा हातानं झाकत होता. मी म्हटलं, "झाकू नका. हितं काय लाजायचं न्हाय."

त्यानं सगळं विचारलं. किती दिवस, किती टाके, दुखतं का, कामावर कधी जाता येतं. मी जे झालं तसं सांगितलं. उलट्या, परत सुरू झालेला गाल, कान. तो म्हणाला, "मंग करू का, ताई?"

"ते म्या न्हाय सांगनार. तुमी डॉक्टरला सगळं विचारा, मग घरात बसून ठरवा."

"तुमाला भ्या वाटलं न्हाय?"

"शुद्ध हरपेपर्यंत वाटत हुतं."

त्याची बायको शेजारीच बसली होती. चहाची कपबशी तशीच हातात. मी वेणी बाजूला करून कानामागची जागा दाखवली, तर तिनं बोट पुढं केलं, हाडाची खाच लागल्यावर चटकन मागं घेतलं. मग परत लावलं, आणि या खेपेला तसंच ठेवलं.

"ताई," ती म्हणाली, "आत नेताना आमाला कुठपर्यंत येऊ देत्यात?"

"दारापर्यंत."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्याचा गाल उडत होता आणि तो खाली बघत होता.

"मंग दारापर्यंत येईन म्या," ती म्हणाली, आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.